डिमेन्शियाचं माणूस पडतं तेव्हा: घरी नव्याने सांभाळणाऱ्यांनी काय बघायचं, काय करायचं

बाबा पहिल्यांदा पडले तेव्हा आम्ही सगळे एकच बोललो, वय झालं आता, चालायचंच. दुसऱ्यांदा पडले तेव्हा बाथरूमची फरशी बदलून घेतली. तिसऱ्यांदा डोक्याला चार टाके पडले आणि तेव्हा कुठे एका न्यूरॉलॉजिस्ट बाईंनी आम्हाला विचारलं, "पडले म्हणजे कसे पडले? पुढे, मागे की कडेला? उठताना, चालताना की वळताना?" आम्ही तिघं भावंडं एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसलो. तीनदा पडलेला माणूस आणि एकाही वेळी कसा पडला हे आम्हाला सांगता येईना.

बाबांना लेवी बॉडी डिमेन्शिया (डिमेन्शियाचा, म्हणजे स्मृतिभ्रंशाचा एक प्रकार) होता हे त्यानंतर चार महिन्यांनी कळलं. ते गेल्यावर दोन वर्षांनी सासूबाईंना अल्झायमरचं निदान झालं, मला वाटलं आता आपल्याला सगळं येतं, आणि पहिल्याच महिन्यात लक्षात आलं की काहीच येत नाही, कारण बाबांचं पडणं वेगळं होतं आणि आईंचं (सासूबाईंना मी आईच म्हणते) पडणं पूर्ण वेगळं. हे लिहितेय ते ज्यांच्या घरी नुकतंच निदान झालंय किंवा निदान अजून व्हायचंय पण घरातलं मोठं माणूस दोन महिन्यात दोनदा पडलंय, त्यांच्यासाठी. मी डॉक्टर नाही, दोन माणसं सांभाळलेली बाई आहे, आणि जे सांगतेय ते डॉक्टरांकडून, फिजिओकडून शिकून घरात करून बघितलेलं आहे.

एक गोष्ट आधी डोक्यात बसवा. डिमेन्शियाचं माणूस उगाच पडत नाही, जवळपास प्रत्येक वेळी काहीतरी कारण सापडतं, आणि कारण काय असेल ते डिमेन्शिया कुठल्या प्रकारचा आहे त्यावर बरंच अवलंबून असतं. आपल्या देशात साठीच्या पुढच्या साधारण ८८ लाख लोकांना डिमेन्शिया असावा असा अंदाज आहे, म्हणजे शंभरात सात जणांहून थोडे जास्त. त्यांचं पडण्याचं प्रमाण त्याच वयाच्या बाकीच्या लोकांपेक्षा खूप जास्त असतं. इंग्लंडमध्ये न्यूकॅसलला झालेला एक अभ्यास २००९ साली छापून आला, त्यात तर ते जवळपास आठपट निघालं होतं, आणि सगळ्यात जास्त पडणारे होते लेवी बॉडीवाले आणि पार्किन्सन्समधून डिमेन्शिया झालेले.

पहिलं काम: एक वही करा

मोबाईलच्या नोट्समध्ये नको, साधी शंभर पानी वही घ्या आणि दोरीला पेन बांधून फ्रिजशेजारी लटकवा, म्हणजे मावशी असोत, मुलं असोत, जो हजर असेल तो लिहील. पडल्याची तारीख, वेळ, जागा. त्याआधी काय चाललं होतं, खुर्चीतून उठत होते का, वळत होते का, संडासला जायची घाई होती का. कुठल्या बाजूला पडले. पायात काय होतं. शेवटची गोळी कुठली आणि किती वाजता. चक्कर आली म्हणाले का, शुद्ध हरपली होती का. आणि पडता पडता वाचले, भिंत धरली, सोफ्यावर धपकन बसले, हेसुद्धा लिहायचं, कारण खरं पडण्याच्या आधी अशी धडपड बरेचदा चालू झालेली असते आणि आपण ती सोडून देतो.

आईंच्या वहीत दोन महिन्यात सात नोंदी झाल्या. मी एका रविवारी बसून वाचल्या आणि त्यातल्या पाच पहाटे साडेचार ते साडेपाचच्या मधल्या. पाचही वेळा पलंग ते स्वयंपाकघर याच वाटेवर. आम्हाला वाटायचं त्यांना लघवी लागत असेल, पण मग स्वयंपाकघराकडे का? नवऱ्याला विचारलं तर तो एकदम गप्प झाला आणि मग म्हणाला, अगं, चाळीत नळाला पहाटे पाचला पाणी यायचं, आईने चाळीस वर्षं उठून पिंप भरलंय. झालं, उलगडा झाला. त्या अर्धवट झोपेत, अंधारात, गाऊन पायात अडकत, पाणी जाईल या धास्तीने पळत होत्या. दुसऱ्या दिवसापासून झोपताना त्यांच्या पलंगावरून दिसेल असा स्टीलचा हंडा भरून स्टुलावर ठेवायला लागले, वर ताटली, आणि शेजारी मंद दिवा. पहाटे त्या उठून बसायच्या, हंड्याकडे बघायच्या, मी म्हणायचे "आई, पाणी भरलंय", की "भरलंस का गं" म्हणून परत आडव्या व्हायच्या. पुढच्या तीन महिन्यात त्या पहाटे एकदाही पडल्या नाहीत. ही गोष्ट मला कुठल्या स्कॅनमध्ये सापडली नसती.

दुसरं: कुठला डिमेन्शिया आहे ते नीट विचारून घ्या

फाईलवर नुसतं डिमेन्शिया लिहिलं असेल तर डॉक्टरांना स्पष्ट विचारा की कुठला. वय जास्त असेल तर मिश्र प्रकारही असतो, अल्झायमर आणि व्हॅस्क्युलर एकत्र हे तर बऱ्याच जणांमध्ये, तेव्हा खाली लिहिलेल्यातलं दोन ठिकाणचं तुम्हाला लागू होऊ शकतं.

लेवी बॉडीवर मी जास्त लिहिणार आहे कारण हा प्रकार ओळखायला उशीर होतो आणि पडणं यात फार लवकर सुरू होतं. वारंवार पडणं हे याच्या निदानाला आधार देणाऱ्या लक्षणांमध्ये धरतात, २०१७ साली जगभरच्या तज्ज्ञांनी जे निकष सुधारून दिले त्यातही ते आहे. पार्किन्सन्ससारखी चाल असते, पाऊल उचलत नाही, जमिनीला चिकटल्यासारखं होतं आणि वळताना तर हमखास तोल जातो. दिवसभरात चढउतार इतका की सकाळी पेपर वाचणारा माणूस दुपारी दोनला स्वतःच्या पायावर उभा राहू शकत नाही, त्यामुळे सकाळी चांगले चालले म्हणून दुपारी एकटं सोडलं असं करू नका. भास होतात, खरे वाटतील असे. बाबांना हॉलमध्ये लहान पोरं बसलेली दिसायची आणि त्यांच्यावर पाय पडू नये म्हणून ते कडेने जायचे, आणि कडेला टीपॉय. त्यावर वाद घालून उपयोग नसतो, मी टीपॉयच काढून टाकला. झोपेत स्वप्न जगतात, हातपाय मारतात, ओरडतात, पलंगावरून खाली येतात, आणि हे कधी कधी विसरभोळेपणाच्या कितीतरी वर्षं आधीपासून असतं. पलंग बुटका करा, खाली जाडसर गादी टाका, शेजारचं कोपरे असलेलं कपाट हलवा. ती गादी सकाळी न विसरता उचलायची, नाहीतर तिलाच अडखळतील.

आणि एक अतिशय महत्त्वाचं. लेवी बॉडीच्या पेशंटला हॅलोपेरिडॉलसारखी शांत करायची औषधं भयंकर बाधू शकतात, शरीर ताठ होतं, शुद्ध जाते, जीवावरही बेतू शकतं. इमर्जन्सीत रात्रीच्या डॉक्टरांना हे माहीत असेलच असं धरून चालू नका. आम्ही बाबांच्या फाईलच्या पहिल्या पानावर लाल स्केचपेनने मोठ्या अक्षरात लिहून ठेवलं होतं आणि एका कागदावर तेच लिहून त्यांच्या सदऱ्याच्या खिशातसुद्धा ठेवायचो.

अल्झायमरमध्ये सुरुवातीला चाल बऱ्यापैकी ठीक असते आणि तिथेच घरचे गाफील राहतात. पाय चालतात पण अंदाज चुकतो. अंतर, खोली, पायरीची उंची डोळ्याला दिसते पण मेंदूला नीट कळत नाही. काळं पायपुसणं त्यांना खड्डा वाटू शकतो, चकचकीत फरशी म्हणजे पाणी सांडलंय असं वाटतं, आणि मग ते चुकवायला मोठी ढांग टाकतात. आईंनी काळ्या ग्रॅनाइटच्या उंबऱ्यापाशी थांबून, साडी वर धरून, ओढा ओलांडावा तसा पाय लांबवलेला मी स्वतः बघितलाय. शिवाय आपले गुडघे आता साथ देत नाहीत हेच विसरतात, वॉकर समोर असतो आणि त्या तशाच निघतात. संध्याकाळी दिवेलागणीला बेचैनी वाढते, घरी जायचंय म्हणून येरझाऱ्या सुरू होतात, तेव्हा दमून पडण्याचा धोका जास्त.

व्हॅस्क्युलरमध्ये मेंदूचा रक्तपुरवठा कमी पडलेला असतो. छोटी छोटी पावलं, पाय फाकवून चालणं, एका बाजूची ताकद कमी. काही जणांचं एका बाजूला लक्षच जात नाही, डावीकडची दाराची चौकट त्यांच्यासाठी जणू नसतेच, मग सारखा तोच खांदा आपटतो. यात बीपी, शुगर ताब्यात ठेवणं हाच मोठा भाग. आणि चाल एकाएकी बिघडली, चेहरा वाकडा झाला, हात लुळा पडला, बोलणं अडखळलं तर ते नुसतं पडणं नाही, नवा स्ट्रोक असू शकतो, गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं, तेव्हा सकाळी बघू म्हणत थांबू नका.

फ्रंटोटेम्पोरल प्रकार बरेचदा ४५ ते ६५ या वयात सुरू होतो. शरीर धडधाकट असतं पण धोका कळत नाही, भर ट्रॅफिकमध्ये रस्ता ओलांडतील, जिना पळत उतरतील. त्यांना समजावून फरक पडत नाही, दाराला कडी आणि बरोबर माणूस हाच उपाय. याच्या जवळचा एक आजार आहे पीएसपी म्हणून, त्यात माणूस सुरुवातीपासूनच मागच्या मागे पडतो आणि नजर खाली नेता येत नाही, म्हणून जिना उतरताना पायरी दिसत नाही. मागे पडण्याच्या नोंदी वहीत जास्त दिसल्या तर न्यूरॉलॉजिस्टना मुद्दाम सांगा.

आणि अजून एक, पाय फरशीला चुंबकाने धरल्यासारखे, लघवीवर ताबा नाही आणि विसरणं, ही तिन्ही एकत्र असतील तर मेंदूत पाणी साचण्याचा एक आजार असू शकतो ज्यात शंट (ते पाणी काढून नेणारी बारीक नळी) बसवून चाल पुष्कळ सुधारू शकते. हे विचारून घ्यायला लाजू नका.

तिसरं: सगळ्या गोळ्या पिशवीत घालून डॉक्टरांकडे न्या

सगळ्या म्हणजे सगळ्या, मेडिकलमधून परस्पर आणलेल्या, शेजारच्या काकूंनी दिलेल्या, आयुर्वेदिक, सर्दीच्या. झोपेच्या आणि घाबरेपणाच्या गोळ्या, म्हणजे अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम, झोल्पिडेम वगैरे, यांनी तोल जातो आणि सकाळपर्यंत गुंगी राहते. सर्दी-खाजेच्या जुन्या गोळ्यांनी गोंधळ वाढतो. प्रोस्टेटच्या आणि बीपीच्या गोळ्यांनी उभं राहिल्यावर बीपी उतरू शकतं. डिमेन्शियासाठी देतात त्या डोनेपेझिलने काही जणांची नाडी मंदावते आणि चक्कर येऊन पडतात, तेव्हा पडताना शुद्ध गेली असेल तर ईसीजी काढायला सांगा. पण कुठलीही गोळी आपल्या मनाने बंद करायची नाही, झोपेच्या गोळ्या तर एकदम थांबवल्या की वेगळाच त्रास होतो.

बीपी घरी असं मोजा: पाच मिनिटं आडवं झोपवून एकदा, मग उभं करून एक मिनिटाने आणि तीन मिनिटांनी. वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरला तर डॉक्टरांना दाखवायचं. मोजताना मागे खुर्ची आणि बाजूला माणूस पाहिजेच. बाबांचं झोपलेले असताना १४० असायचं आणि उभे राहिल्यावर १०५, आणि दवाखान्यात वर्षभर बसवूनच मोजत होते म्हणून कुणाच्या लक्षातच आलं नाही, याचं मला आजही वाईट वाटतं. त्यानंतर आम्ही नियमच केला, उठायच्या आधी पलंगाच्या कडेला बसायचं, पावलं वरखाली करायची, अर्धा पेला पाणी, मग उभं राहायचं, आणि उभं राहून वीस आकडे मोजून मगच पहिलं पाऊल.

बाकी भराभर सांगते. मोतीबिंदू असेल तर त्याचं बघून घ्या. बी१२ आणि डी तपासा, आपल्याकडे शाकाहारी घरात बी१२ हमखास कमी निघतं आणि त्याने पायाची जाणीवच कमी होते. पायाची नखं, कुरूप, भोवरी बघा. हाडांसाठी डेक्सा स्कॅनचं विचारा. आणि दोन-तीन दिवसात पडणं अचानक वाढलं, माणूस एकदम जास्त गोंधळला किंवा नुसतं झोपूनच राहायला लागलं, तर आजार वाढला असं समजू नका, लघवीचं इन्फेक्शन, न्यूमोनिया, बद्धकोष्ठता, पाणी कमी पडणं यातलं काहीतरी असण्याची शक्यता असते आणि ते बरं होतं.

चौथं: घर, पण एका दिवसात सगळं बदलू नका

ही चूक मी केली. उत्साहाने एका शनिवारी पलंग फिरवला, कपाट हलवलं, आणि बाबा त्याच रात्री पूर्वी जिथे दार होतं त्या दिशेला चालत जाऊन भिंतीवर आपटले. जुन्या सवयीच्या वाटा पायात असतात, त्या मोडायच्या नाहीत, त्या वाटेवरचे अडथळे काढायचे.

सगळ्यात आधी पायपुसणी. घरातली सगळी गोळा करा, फक्त खाली रबर असलेली आणि फरशीच्या जवळपासच्या रंगाची ठेवा. सतरंज्या, चटया, एक्स्टेंशन बोर्डाच्या वायरी उचला. फरशी पुसायची वेळ ते झोपलेले असताना किंवा खुर्चीत बसलेले असताना ठेवा, कामवाल्या ताईंना हे समजावून सांगा, फिनेलचं पाणी पूर्ण वाळेपर्यंत त्या खोलीत जाऊ द्यायचं नाही.

मग बाथरूम. टॉवेलचा रॉड हा धरायचा दांडा नाही, माणसाच्या वजनाने तो उपटून येतो, भिंतीत ड्रिल करून पक्के बसवलेले दांडे घ्या, एक कमोडशेजारी आणि एक अंघोळीच्या जागी. भारतीय संडास असेल तर वर ठेवायची कमोड खुर्ची मिळते, तिचे पाय हलत नाहीत ना हे स्वतः बसून बघा. पांढरी भिंत, पांढरी फरशी, पांढरा कमोड असं असेल तर त्यांना बसायची जागाच दिसत नाही आणि अर्ध्यावर बसतात, आम्ही गडद निळी सीट बसवली आणि तेवढ्याने फरक पडला. अंघोळीला पाटावर किंवा बुटक्या स्टुलावर बसवायचं बंद, पाठ आणि हात असलेली प्लास्टिकची खुर्ची, आणि बादली खाली न ठेवता स्टुलावर, म्हणजे वाकावं लागत नाही. आतली कडी काढून टाका किंवा बाहेरून उघडेल अशी बसवा. हे ऐकताना साधं वाटतं, पण आत पडलेला माणूस दारालाच टेकलेला असतो आणि दार आत उघडणारं असतं, तेव्हा दार बाहेर उघडेल असं करून घेता आलं तर उत्तमच.

कपड्यांचं बघा. पायघोळ गाऊन, सैल सुटणारं नऊवारी, लुंगी, नाडी लोंबणारा पायजमा, हे सगळं पायात येतं. घोट्याच्या वर राहील एवढीच लांबी. पायात मागे पट्टा असलेली, तळ न घसरणारी चप्पल किंवा बूट, नुसते मोजे घालून टाइल्सवर अजिबात नाही.

पलंगाला दोन्ही बाजूंनी उंच कठडे लावावेसे वाटतात, मीही लावले होते. चालतं फिरतं गोंधळलेलं माणूस त्यावरून चढून पलीकडे जायला बघतं आणि मग जास्त उंचीवरून पडतं. त्यापेक्षा बसल्यावर पावलं जमिनीला टेकतील एवढाच पलंग बुटका करा. आणि खुर्चीला ओढणीने बांधून ठेवणं, मी काही घरात बघितलंय, कृपा करून करू नका. सुटायच्या धडपडीत जास्त लागतं, पायाची ताकद जाते, आणि आपल्याला का बांधलंय हे त्या जीवाला कळत नाही.

पाचवं: रात्र आणि संडास

पलंग ते संडास या वाटेवर रात्रभर उजेड पाहिजे, हालचालीने लागणारे बॅटरीचे दिवे मिळतात ते दोन-तीन चिकटवा, लाईट गेली तरी चालतात. संडासाचं दार उघडं आणि आतला दिवा चालू, म्हणजे पलंगावरूनच कमोड दिसतो, शोधावं लागत नाही. संध्याकाळी सहानंतर चहा कमी, झोपायच्या आधी एकदा नेऊन आणायचं आणि रात्री साधारण ज्या वेळेला उठतात (वहीत सापडेल) त्याच्या पंधरा मिनिटं आधी आपणच उठवायचं. आपली झोप मोडते, खरंय, पण घाईने उठून पळणं टळतं. आणि पाणी दिवसा कमी करू नका, पाणी कमी पडलं की बीपी उतरतं.

सहावं: चालायचं थांबवू नका

पडतील म्हणून बसवून ठेवलं की तीन आठवड्यात मांड्या वाळतात आणि मग खरंच पडतात. रोज चालवा. घरातल्या घरात चाचणी करायची तर खुर्चीतून उठून तीन मीटर जाऊन वळून परत बसायला किती सेकंद लागतात ते बघा, १२ च्या वर गेलं तर फिजिओला बोलवा. खुर्चीतून उठबस, ओट्याला धरून टाचा वर करणं, एवढं दिवसातून दोनदा झालं तरी चालेल.

चालताना बोलायचं नाही हे मला फार उशिरा कळलं. स्वीडनमधल्या संशोधकांनी १९९७ सालीच दाखवलं होतं की गप्पा मारताना जे वृद्ध चालायचे थांबतात ते पुढे जास्त पडतात, कारण मेंदूला दोन्ही एकदम झेपत नाही. म्हणून मागून हाक मारू नका, फोन हातात देऊ नका, समोर येऊन आधी थांबवा आणि मग बोला. धरायचं तर हात ओढून पुढे न्यायचं नाही, कमकुवत बाजूला थोडं मागे उभं राहून त्यांना तुमच्या हाताचा आधार घेऊ द्या. पाय चिकटले तर ढकलू नका, "बाबा, थांबा, आता या रेघेवर पाय ठेवा" असं सांगा. आम्ही हॉलमध्ये रंगीत टेपच्या आडव्या पट्ट्या चिकटवल्या होत्या, बाबा लष्करात होते, "लेफ्ट राइट" म्हटलं की पाय आपोआप सुटायचे.

वॉकर द्यायचा तर लवकर द्या, सवय लागेपर्यंत स्मरण थोडं शिल्लक असताना. फार पुढच्या टप्प्यात नवीन वस्तू शिकता येत नाही आणि वॉकरच पायात येतो.

पडलेच तर

धावत जाऊन काखेत हात घालून उचलू नका. हे सगळ्यात अवघड आहे मला माहितीय, हात आपोआप पुढे जातात. आधी शेजारी जमिनीवर बसा, चेहरा दिसेल असं, नाव घेऊन बोला. डोकं, मान, खुबा, मनगट, पाठ बघा. कुठे दुखतंय याचं उत्तर डिमेन्शियाचं माणूस बरोबर देईलच असं नाही, नाही दुखत म्हणतील आणि हाड मोडलेलं असेल. म्हणून चेहऱ्याकडे बघा, कपाळाला आठ्या, श्वास जोरात, हात लावला की झटकणं, हीच त्यांची भाषा. एक पाय आखूड दिसतोय आणि पाऊल बाहेरच्या बाजूला वळलंय तर खुब्याचं हाड गेलं असं धरून चाला, हलवू नका, १०८ ला फोन करा. कधी कधी खुब्याला बारीक तडा असतो आणि माणूस दोन दिवस लंगडत चालतंसुद्धा, म्हणून पडल्यानंतर चाल बदलली, पाय टेकायला नको म्हणाले, तर एक्सरे काढाच.

काहीच नाही असं वाटलं तर घाई न करता उठवायचं. कुशीवर वळवा, मग हात-गुडघ्यावर, समोर मजबूत खुर्ची ठेवा, तिच्यावर दोन्ही हात, जास्त ताकदीचा पाय पुढे टेकवून जोर लावायचा आणि मागून दुसरी खुर्ची सरकवायची. त्यांनी स्वतः जोर लावला पाहिजे, आपण फक्त सांगत राहायचं. जमत नसेल तर पांघरूण घाला, उशी द्या आणि माणसं बोलवा. तासभरापेक्षा जास्त वेळ जमिनीवर पडून राहिले असतील तर मार दिसत नसला तरी दवाखान्यात न्या, स्नायू चेपून किडनीला त्रास होऊ शकतो.

डोक्याला लागलं असेल तर जास्त जपा. डिमेन्शियात मेंदू आक्रसलेला असतो आणि त्याच्या वरच्या बारीक शिरा ताणलेल्या असतात, छोट्या धक्क्यानेही त्यातून रक्त झिरपू शकतं आणि ते दिसायला दोन-तीन आठवडेही लागतात. अॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, वॉरफरिन यातलं काही चालू असेल तर टेंगूळ छोटं असलं तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा, सीटी स्कॅन लागेल का विचारा. पुढचा महिनाभर बघत राहा, झोप वाढणं, डोकं धरणं, उलटी, एक बाजू ओढणं, गोंधळ अचानक वाढणं. असं काही दिसलं तर पूर्वी कधी पडले होते ती तारीख वहीतून काढून सांगा.

खुबा मोडला आणि ऑपरेशन ठरलं तर

शक्य झालं तर पहिल्या दोन दिवसात ऑपरेशन झालेलं चांगलं, उगाच लांबवू नका. दवाखान्यात रात्री घरचं ओळखीचं माणूस जवळ पाहिजेच, कारण परकी जागा, दुखणं आणि भूल यांनी माणूस पूर्ण भांबावून जातं, सलाईन उपटतं, पलंगावरून उतरायला बघतं. चष्मा, कानाचं मशीन, कवळी बरोबर न्या, घरची चादर न्या. दुखण्याची गोळी वेळच्या वेळी मागून घ्या, ते स्वतः मागणार नाहीत. डिमेन्शिया आहे, कुठला आहे, हे प्रत्येक शिफ्टच्या नर्सला नव्याने सांगा. दुसऱ्या दिवसापासून उभं करायला लागले तर घाबरू नका, तेच बरोबर आहे, पाय मोडलाय हे विसरून ते रात्री एकटेच उतरायला बघतील एवढं मात्र लक्षात ठेवा. आणि घरी सोडायच्या आधी फिजिओंकडून पलंगावरून खुर्चीत कसं न्यायचं ते नुसतं बघू नका, स्वतःच्या हाताने तीनदा करून घ्या आणि मोबाईलवर शूट करून ठेवा, रात्री अडीच वाजता तुम्ही आणि मावशी दोघीच असताना ते लागतं.